कॅलिफोर्नियातला वणवा आणि आपली माणसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला पॅसिफिक पॅलिसेड्सच्या डोंगरात वणवा पेटला, तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा वाजले होते आणि आपल्याकडे मध्यरात्र होत होती. त्याच संध्याकाळी पॅसाडेनाजवळच्या ईटन कॅन्यनमध्ये दुसरी आग लागली. आपल्याकडे तेव्हा ८ तारखेच्या सकाळचे पावणेआठ वाजून गेले होते. माझी धाकटी बहीण, तिचे यजमान आणि त्यांची सात वर्षांची मुलगी त्या कॅन्यनच्या जवळ राहतात. त्या आठवड्यात आणि नंतरही, ज्यांची मुले किंवा भावंडे कॅलिफोर्नियात आहेत अशा ओळखीच्या घरांतून मला पुन्हा पुन्हा जे विचारले गेले, त्याची उत्तरे मी येथे लिहिली आहेत.

बातमी पाहिल्यावर सर्वांत आधी काय करावे?

फोन लावण्याऐवजी एक छोटा लेखी निरोप पाठवावा. ज्याच्या घराजवळ आग आहे तो माणूस त्या वेळी सामान भरत असतो, गाडी चालवत असतो किंवा शेजारच्या आजींना बाहेर काढत असतो. आपला फोन घेण्यासाठी त्याला हातातले काम थांबवावे लागते. लेखी निरोप फोनचे जाळे कमकुवत असतानाही पोहोचण्याची शक्यता अधिक असते आणि वाचणाऱ्याला सवड मिळेपर्यंत तो थांबून राहतो.

निरोपात तीनच गोष्टी विचाराव्यात : तुम्ही कुठे आहात, सगळे एकत्र आहात का, आणि पुढचा निरोप केव्हा देशील. यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मी अनुभवावरून सांगते. ८ तारखेला सकाळी नऊच्या सुमारास बहिणीचा निरोप आला : "निघालो. तिघेही गाडीत आहोत. रात्री अकराला कळवते." तिथले रात्रीचे अकरा म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेबारा. घोर संपला नव्हता, पण त्याला साडेबारापर्यंतची मुदत मिळाली. आईने तेवढ्या वेळात आंघोळ केली, देवपूजा केली आणि वडिलांना वेळेवर औषध दिले. वेळ ठरलेली नसती, तर दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी तिला फोन लावला असता.

घरातल्या एकाच व्यक्तीने तिच्याशी बोलावे आणि इतरांना कळवावे. काका, मावशी, आत्या, मामेभाऊ या सर्वांना काळजी असते, आणि ती खरी असते, पण सतरा जणांनी "पोहोचलात का?" असे विचारले की सतरा उत्तरे देण्याचा भार जिच्यावर पडतो, तिलाच त्या क्षणी सर्वांत कमी वेळ असतो.

फोन लागत नाही आणि निरोपालाही उत्तर नाही. याचा अर्थ काय घ्यावा?

फोन लागत नाही, एवढाच अर्थ घ्यावा. मन चिंती ते वैरी न चिंती, हे अशा वेळी पुरेपूर खरे ठरते. म्हणून फोन बंद असण्याची साधी कारणे आधी ध्यानात घ्यावीत. जोराचा वारा सुटला की तारांमुळे आग लागू नये म्हणून वीज कंपन्या कित्येक भागांतला पुरवठा स्वतःहून बंद करतात. वीज गेली की घरातला वायफाय जातो, आणि डोंगराच्या कुशीतल्या बहुतेक घरांत मोबाइलची रेंज मुळात कमीच असते. मनोरे जळतात, एकाच वेळी हजारो लोक फोन लावू लागल्याने जाळे कोंडते, आणि पळापळीत चार्जर घरीच राहतो.

याचे मोठे उदाहरण उत्तर कॅलिफोर्नियातले आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅम्प फायर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वणव्याने पॅराडाइज नावाचे गाव जवळजवळ पूर्णपणे जाळले. त्यानंतरच्या दिवसांत बेपत्ता लोकांच्या यादीत एक हजारांहून अधिक नावे होती. त्या आगीत ८५ माणसे गेली, आणि तो आकडा भयंकरच आहे; परंतु यादीतली बाकीची शेकडो माणसे जिवंत होती. कोणी नातेवाइकांकडे होते, कोणी निवाऱ्यात, कोणी वाहनतळावर गाडीतच झोपलेले, आणि कित्येकांना आपले नाव यादीत आहे याची कल्पनाही नव्हती.

एक दिवस उलटूनही काही कळले नाही, तर क्रमाने प्रयत्न करावेत. प्रथम तिथल्या शेजाऱ्यांकडे, कार्यालयातल्या सहकाऱ्यांकडे आणि मुलांच्या शाळेतल्या पालकांकडे चौकशी करावी. मग त्या भागातल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे. त्यानंतर अमेरिकन रेड क्रॉसकडे, कारण निवाऱ्यांची व्यवस्था आणि ताटातूट झालेल्यांचा शोध ही दोन्ही कामे ती संस्था करते. ईटनच्या आगीत पॅसाडेना कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मोठा निवारा उघडला होता. तेथे चौकशी करायची, तर त्याच शहरातला ओळखीचा माणूस आपल्यापेक्षा किती तरी लवकर उत्तर आणतो. आपत्कालीन सेवेचा ९११ हा क्रमांक भारतातून नेहमीच्या पद्धतीने लागत नाही, आणि अग्निशमन केंद्राला फोन करून आपल्या माणसाची विचारपूस करणे म्हणजे मदत मागणाऱ्या दुसऱ्या कोणाची तरी वाट अडवणे होय.

तिथे आत्ता किती वाजले आहेत?

हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेबारा तासांचा असतो. आपल्याकडे दुपारी चार वाजता उत्तर येत नसेल, तर तिथे पहाटेचे अडीच किंवा साडेतीन वाजलेले असतात, आणि रात्रभर जागलेला माणूस कदाचित नुकताच झोपला असेल.

बातम्यांत "लॉस एंजेलिस जळते आहे" असे म्हणतात. आमचा मुलगा तिथेच राहतो. तो धोक्यात आहे का?

तो नेमका कुठे राहतो, यावर सारे अवलंबून आहे. लॉस एंजेलिस काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) क्षेत्रफळ सुमारे १०,५०० चौरस किलोमीटर आहे. पॅलिसेड्सची आग साधारण २३,००० एकरांवर पसरली आणि ईटनची १४,००० एकरांवर. चाळीस गुंठ्यांचा एकर आपल्या परिचयाचा असल्याने हे आकडे ऐकून छाती दडपते. पण पॅलिसेड्सच्या आगीचे क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये मांडले, तर ते सुमारे ९५ भरते. आर्टेशिया, सेरिटोस, टॉरन्स यांसारख्या सपाटीवरच्या उपनगरांत पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात आणि ती या दोन्ही आगींपासून दूर होती. अर्व्हाइन तर दुसऱ्याच काउंटीत आहे.

मात्र जळालेले क्षेत्र लहान आहे म्हणून आग लहान होती, असेही समजू नये. दोन्ही आगींत मिळून सोळा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि सुमारे तीस माणसे दगावली. आपल्या डोळ्यांसमोर वणवा म्हटला की फाल्गुनात सह्याद्रीच्या उतारावर लागलेले वाळक्या गवताचे जाळ येतात, जे गवत संपले की बहुधा विझतात. तिथला वणवा वाऱ्यावर स्वार होऊन येतो. आतल्या वाळवंटी भागाकडून समुद्राच्या दिशेने वाहणाऱ्या कोरड्या वाऱ्यांना तिथे सँटा अ‍ॅना म्हणतात. त्या रात्री ते इतके जोराचे होते की पाणी टाकणारी विमाने आणि हेलिकॉप्टरे जमिनीवरच ठेवावी लागली. असा वारा ठिणग्या आणि निखारे आगीच्या बरेच पुढे नेऊन टाकतो. ते छपराखालच्या जाळीतून आत शिरतात, पन्हळीत साचलेल्या पानांवर पडतात, आणि ज्वाळा अजून दूर असतानाच घर पेट घेते.

म्हणून पत्ता हाती घेऊन नकाशा पाहावा आणि तीन गोष्टी तपासाव्यात : आगीची कड घरापासून किती दूर आहे, वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, आणि त्या विभागाला सरकारी आदेश लागू आहे का.

वॉर्निंग, ऑर्डर आणि कंटेनमेंट या शब्दांचे नेमके अर्थ काय?

इव्हॅक्युएशन वॉर्निंग म्हणजे तयारीत राहा, केव्हाही निघावे लागेल. आणि ज्यांच्या घरी वृद्ध, तान्ही मुले, आजारी माणसे किंवा जनावरे आहेत त्यांनी तेव्हाच निघावे. इव्हॅक्युएशन ऑर्डर म्हणजे जिवाला तत्काळ धोका आहे, आत्ता निघा. रेड फ्लॅग वॉर्निंग हा आगीचा नव्हे, हवामानाचा इशारा आहे. हवा कोरडी आहे, वारा जोराचा आहे आणि ठिणगी पडली तर आग झपाट्याने पसरेल, एवढेच तो सांगतो.

कंटेनमेंटबद्दल सर्वाधिक गैरसमज आढळतो. "शून्य टक्के" वाचून आग बेफाम पसरते आहे असे आपण समजतो, आणि "साठ टक्के" वाचून साठ टक्के आग विझली असे समजतो. प्रत्यक्षात हा आकडा आगीच्या परिघाचा असतो : त्या कडेच्या किती भागावर अशी पक्की रेषा आखली गेली आहे की आग ती ओलांडणार नाही, असा दलाला भरवसा वाटतो. पॅलिसेड्सची आग सुरुवातीचे दोन दिवस शून्यावर होती आणि दोन्ही आगी शंभर टक्क्यांवर पोहोचायला ३१ जानेवारी उजाडली. तोपर्यंत कित्येक कुटुंबे घरी परतलीही होती. म्हणून या आकड्यावर डोळे लावून बसण्यापेक्षा आपल्या माणसाच्या विभागाचा आदेश उठला की नाही, ते पाहावे.

कोणत्या माहितीवर विश्वास ठेवावा?

राज्याचे वन व अग्निसुरक्षा खाते, म्हणजे कॅल फायर, प्रत्येक मोठ्या आगीचे स्वतंत्र पान आपल्या संकेतस्थळावर ठेवते. तिथले रहिवासी वॉच ड्यूटी नावाचे ॲपही मोठ्या प्रमाणावर वापरतात. ते एक ना-नफा संस्था चालवते. नासाच्या उपग्रह नकाशावरचे लाल ठिपके पाहून अनेकांच्या काळजाचा ठोका चुकतो. तो ठिपका म्हणजे सुमारे पावणेचारशे मीटरच्या चौकोनात कुठे तरी उष्णता आढळली, एवढीच खूण असते. तो घरावर दिसला म्हणून घर जळाले असे होत नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रांपासून दूर राहावे. हॉलिवूडची ती प्रसिद्ध अक्षरे ज्वाळांत वेढलेली दाखवणारी चित्रे जगभर पसरली होती. ती कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली होती आणि अक्षरे जागच्या जागी शाबूत होती.

सरकारी सूचनाही क्वचित चुकते. ९ जानेवारीला एका लहान भागासाठी असलेली सूचना चुकून जवळजवळ एक कोटी वस्तीच्या संपूर्ण काउंटीतल्या फोनवर गेली. तरीही माझे मत स्पष्ट आहे : दहा वेळा उगाच निघावे लागले तरी चालेल, पण सूचना आली की निघावे.

आमची मुलगी म्हणते, "अजून ऑर्डर आलेली नाही, आली की बघू." तिला कसे समजवावे?

रागावून किंवा शपथा घालून नाही. इथून आरडाओरडा केला की ती फोन घेणे टाळते, आणि मग आपल्या हाती काहीच उरत नाही.

तिला एक खरी घटना सांगावी. ईटनच्या आगीत पॅसाडेनाला लागून असलेल्या आल्टाडेना या वस्तीच्या पूर्व भागाला संध्याकाळीच निघण्याचे आदेश मिळाले. लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेकडच्या वस्तीला मात्र पहाटे तीननंतर आदेश आला, आणि आल्टाडेनातले बहुतेक मृत्यू याच पश्चिमेकडच्या भागात झाले. आदेशाची वाट पाहणे म्हणजे तो वेळेवर येईलच असे गृहीत धरणे. ज्वाळा दिसत असतील, घरात धुराचा वास भरला असेल आणि वारा आपल्याकडे असेल, तर कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

त्याबरोबर तिला एखादे काम सोपे करून द्यावे. "निघ" असे म्हणण्यापेक्षा "अमक्या गावातल्या हॉटेलात खोली ठेवली आहे, दोन रात्रींचे पैसे भरले आहेत" असे म्हटले, तर माणूस निघतो. हे इथे बसून करता येते.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी मुलीकडे गेले आहेत आणि दिवसभर घरी दोघेच असतात. त्यांच्यासाठी काय करावे?

मला वाटते, आपल्या घरांमध्ये हा प्रश्न सर्वांत गंभीर आहे आणि सर्वांत कमी विचारला जातो. मुलगी आणि जावई कामावर, नात शाळेत, आणि घरात असे दोघे, ज्यांना तिथे गाडी चालवता येत नाही, शेजाऱ्यांची नावे माहीत नाहीत आणि इंग्रजीतला घाईचा उच्चार चटकन कळत नाही.

त्यांच्या फोनमध्ये तिथले सिमकार्ड असावे आणि त्यावर आपत्कालीन सूचना चालू ठेवलेल्या असाव्यात. तो कर्कश आवाज एकदा ऐकवून, "हा वाजला की मला लगेच फोन करा" असे मुलीने त्यांना सांगून ठेवावे. दिवसा घरी असणाऱ्या किमान एका शेजाऱ्याशी त्यांची ओळख करून द्यावी, आणि प्रसंग आलाच तर त्याच्या गाडीतून निघायचे, हे दोन्ही घरांनी आधीच बोलून ठेवावे. पासपोर्ट, प्रवासी विम्याचा कागद, औषधे आणि औषधांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत, त्यांच्याच खोलीत असाव्यात.

आणखी एक गोष्ट. तिथे कित्येक घरांत येण्याजाण्याची नेहमीची वाट गॅरेजमधून असते आणि गॅरेजचे दार विजेवर चालते. २०१७ च्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या आगींत वीज गेल्यावर काही वृद्धांना ते दार उघडता आले नाही. त्यानंतर राज्याने कायदा करून नव्या यंत्रांना बॅटरी सक्तीची केली; पण जुनी यंत्रे अजून आहेत. छताजवळच्या यंत्रापासून एक दोरी लोंबत असते, बहुधा लाल मुठीची. ती ओढली की दार यंत्रापासून सुटते आणि हाताने वर उचलता येते. बाबांनी ती दोरी एकदा स्वतःच्या हाताने ओढून पाहिलेली असावी.

घर वाचले, पण धूर आहे. त्याची कितपत काळजी करावी?

पुरेशी करावी, विशेषतः घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा दम्याचा त्रास असलेली व्यक्ती असेल तर. आकडा वाचताना एक चूक टाळावी : अमेरिकेचा आणि आपला हवेचा निर्देशांक वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतात. आपल्याकडे १६० हा आकडा "मध्यम" म्हणून छापला जातो. तिथल्या मापात १५० च्या पुढची हवा सर्वांसाठीच अपायकारक आणि ३०० च्या पुढची घातक मानली जाते. शिवाय घरे जळतात तेव्हा धुरात आणि राखेत शिसे, प्लॅस्टिक, रंग, जुन्या बांधकामातले ॲस्बेस्टॉस असे बरेच काही असते, आणि ते सगळे त्या निर्देशांकात उमटत नाही. खिडक्या बंद, चांगल्या गाळणीचा हवाशुद्धक चालू आणि बाहेर पडताना एन-९५ मुखपट्टी, एवढे तरी हवेच. साध्या कापडी मुखपट्टीने हे सूक्ष्म कण अडत नाहीत.

बहीण निघाली तेव्हा पासपोर्टांची पिशवी घेतली, लॅपटॉप घेतले, मुलीचे दप्तरही घेतले. भाचीचा दम्याचा पंप मात्र स्वयंपाकाच्या ओट्यावरच राहिला. रात्री धुरात तिचा श्वास लागला, तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी आपल्या मुलाचा पंप आणून दिला. ती गोष्ट तिने आम्हाला दहा दिवसांनी सांगितली.

कागदपत्रे जळाली तर पुढे कसे होते?

अवघड होते, पण वाट बंद होत नाही. भारतीय पासपोर्ट आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड वाणिज्य दूतावासामार्फत पुन्हा मिळते. अमेरिकेत प्रवेशाची नोंद असलेला आय-९४ सरकारी संकेतस्थळावरून केव्हाही उतरवून घेता येतो, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या मंजुरीची प्रत बहुधा कंपनीकडे किंवा वकिलाकडे असते. सर्व कागदांची छायाचित्रे भारतातल्या एका विश्वासू माणसाकडे ठेवलेली असली, तर पुढचे हेलपाटे बरेच वाचतात.

इथून पैशाची मदत करावी का? तिथले सरकार मदत करते का?

पहिल्या आठवड्यात हॉटेल, कपडे आणि गाडीचे इंधन यांवर मोठा खर्च होतो, म्हणून विचारत बसण्यापेक्षा पाठवलेले बरे. घराचा किंवा भाडेकरूचा विमा असेल, तर बाहेर राहण्याचा खर्च त्यात बहुधा धरलेला असतो; मात्र प्रत्येक पावती जपावी लागते.

फेमा या आपत्तीत मदत करणाऱ्या केंद्रीय संस्थेची रोख मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक वर्गांतल्या लोकांनाच मिळते. केवळ एच-१बी व्हिसावर असलेल्यांना नाही. पण घरातले अल्पवयीन मूल अमेरिकन नागरिक असेल, तर त्याच्या नावे पालकांना अर्ज करता येतो, आणि आपल्या कित्येक तरुण कुटुंबांना हे ठाऊकच नसते. निवारा, अन्न, औषधे ही तातडीची मदत मात्र कोणताही व्हिसा न पाहता सर्वांना मिळते.

इथल्या वृद्ध आईवडिलांना किती सांगावे?

खरे सांगावे, पण ठरलेल्या वेळी आणि मोजक्या शब्दांत. आमच्या घरी एका नातेवाइकांनी "दादांचे हृदय नाजूक आहे, काही कळू देऊ नका" असा आग्रह धरला होता. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मात्र सकाळीच दूरदर्शनवर सारे पाहिले होते आणि आम्ही बोलत नाही म्हणजे काही तरी वाईट घडले आहे, असे धरून ते एकटेच बसून राहिले होते. त्यांना नकाशा दाखवला, बहिणीचा निरोप वाचून दाखवला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर दूरचित्रवाणी संच बंद केला आणि दुपारी साडेबारा व रात्री नऊ अशा बातमीच्या दोन वेळा ठरवल्या. मला स्वतःलाही त्याच वेळापत्रकाने झोप मिळाली.

आग विझली, ते घरी परतले. आता तिच्याशी काय बोलावे?

"सुटलात बाई" असे म्हणून विषय संपवू नये. तिच्या गल्लीतली काही घरे उभी आहेत आणि काहींची फक्त धुराडी उरली आहेत. आपले घर राहिले आणि समोरच्यांचे गेले, या गोष्टीचे ओझे माणूस बरेच दिवस वागवतो. शिवाय परतणे म्हणजे कामाचा डोंगर असतो : नळाचे पाणी पिऊ नये अशा सूचना काही भागांत आठवडेच्या आठवडे लागू होत्या, गाद्या आणि पडदे धुराने भरलेले होते, आणि राख झाडूने उडवायची नाही तर ओल्या फडक्याने टिपायची होती. तिने सांगितले तर ऐकावे. नाही सांगितले, तर भाचीला रोज एक गोष्ट वाचून दाखवण्यासाठी फोन करावा. आम्ही तसे केले, आणि तेवढा अर्धा तास बहिणीला मोकळा मिळाला.

पुढच्या वेळेसाठी आजच काय ठरवून ठेवावे?

लॉस एंजेलिससह अनेक काउंट्यांत प्रत्येक वस्तीला निघण्याच्या विभागाचा क्रमांक दिलेला असतो. तो विचारून लिहून ठेवावा, म्हणजे बातमीत तो क्रमांक आहे की नाही हे लगेच पाहता येते. दुसऱ्या राज्यातला एक नातेवाईक मधला माणूस म्हणून ठरवावा, कारण जळत्या भागातला स्थानिक फोन लागत नसतानाही लांबचा फोन कधी कधी लागतो. आमच्यासाठी ते काम न्यू जर्सीतला चुलतभाऊ करतो. रेड फ्लॅग वॉर्निंग लागली की त्या दिवशी बहीण न विचारता दोन ओळी पाठवते : गाडीत इंधन भरले आहे का, आणि पिशवी दाराशी आहे का. पुण्याच्या घरी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला आहे. त्यावर विभागाचा क्रमांक, चुलतभावाचा फोन आणि वेळेतला फरक लिहिलेला आहे, आणि त्याखाली आईने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : "पंप घेतला का ते विचारणे."